स्पोकन ट्युटोरियल

स्पोकन ट्युटोरियल : संगणकाच्या पडद्यावर चाललेले काम आणि त्यासोबतचे निवेदन एकत्र मुद्रित (रेकॉर्ड) करून केलेला, साधारण दहा मिनिटांचा स्वयंशिक्षणाचा पाठ. याच नावाचा प्रकल्प पवईच्या आयआयटी मुंबईत केमिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिला. २००९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाधारित राष्ट्रीय शिक्षण अभियानाचे अर्थसाहाय्य त्याला मिळाले. लिनक्स, लाटेक, सायलॅब, पायथन, लिब्रेऑफिस, जिम्प अशी मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारी, सॉफ्टवेअर शिकवणे हा त्याचा गाभा. पडदा मुद्रित करून शिकवण्याची कल्पना अर्थातच त्याआधीची आहे. अशा मुद्रणाला ‘स्क्रीनकास्ट’ हे नाव २००४ मध्ये अमेरिकेत रूढ होऊ लागले होते.

या पाठांची सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे : शिकणारा एकटा आहे. त्याच्याशेजारी विचारायला कोणी नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कार्यशाळा भरते तेव्हाही तिथे विषयाचा जाणकार असतोच असे नाही. संयोजक संगणक चालू करून देतो, विद्यार्थी कानाला हेडफोन लावतात आणि पाठ सुरू होतो. पडद्याच्या एका भागात पाठ, शेजारच्या भागात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. पाठात जे घडले ते थांबवून आपल्या बाजूला करायचे आणि पुढे जायचे. इंटरनेट नसेल तर पाठ आधी उतरवून घेता येतात. पडदा बराच वेळ स्थिर असल्याने अशी फाइल कॅमेऱ्याने टिपलेल्या तासापेक्षा बरीच लहान होते, आणि हा फायदा जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना विशेष जाणवला असणार.

अशा पाठाचे खरे काम रेकॉर्डिंगच्या खोलीत नसून लिहिण्याच्या टेबलावर होते. आधी पूर्ण मालिकेचा आराखडा ठरतो : कोणता पाठ कशानंतर, कोणत्या पाठाला आधीचे काय येत असणे आवश्यक. दहा मिनिटांत एक काम नीट बसते, दोन बसत नाहीत. त्यामुळे योजनेतला कठीण भाग म्हणजे काय गाळायचे ते ठरवणे. जाणकाराला नेमके हेच जमत नाही. एक आज्ञा शिकवताना तिचे चार पर्यायही सांगावेत असे त्याला वाटते, आणि ऐकणारा तिसऱ्या पर्यायाला पाठ बंद करतो.

मग संहिता लिहिली जाते, दोन रकान्यांत. डाव्या रकान्यात पडद्यावर काय दिसेल, उजव्या रकान्यात त्या क्षणी काय बोलले जाईल. डावीकडे ‘फाइल मेनू उघडा, कर्सर सेव्ह ॲजवर स्थिर ठेवा’ असे असेल, तर उजवीकडे ‘आता फाइल मेनूतील सेव्ह ॲजवर क्लिक करा’ एवढेच. साचा कंटाळवाणा वाटतो, पण लपलेले खड्डे तोच उघडे पाडतो. उजवीकडे चार ओळींचे निवेदन असून डावा रकाना रिकामा असेल, तर तेवढा वेळ प्रेक्षक निर्जीव पडद्याकडे पाहत बसणार. उलट, डावीकडे तीन क्लिक आणि उजवीकडे एकच वाक्य असेल, तर दोन क्लिक त्याच्या हातून निसटणार.

संहिता विषयातला तज्ज्ञ तपासतो, आणि एक नवशिक्याही. या पद्धतीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच म्हणावी लागेल. नवशिक्याने संहिता नुसती वाचून ‘छान आहे’ म्हणायचे नसते. ती समोर ठेवून प्रत्येक पायरी स्वतः करून पाहायची असते. तज्ज्ञाच्या नजरेतून सुटलेले त्याला लगेच अडते. फाइल कुठे सेव्ह केली ते सांगितलेच नाही. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडायचे कसे हे गृहीत धरले. आज्ञेनंतर एंटर दाबायचे राहून गेले. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याची बोटे एंटर आपोआप दाबतात, आणि बोटांनी केलेले तोंडावाटे बाहेर येत नाही. हे सारे कागदावर असतानाच सापडले तर खोडरबराने भागते. रेकॉर्डिंगनंतर सापडले तर तो तुकडा पुन्हा करावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशीचा आवाज आदल्या दिवसाच्या आवाजाशी सहसा जुळत नाही.

रेकॉर्डिंगची सामग्री साधी असते : बरा माइक असलेला हेडसेट, पडदा टिपणारे एखादे सॉफ्टवेअर, आवाज साफ करायला ऑडॅसिटी. पंखा बंद ठेवणे, फोन खोलीबाहेर ठेवणे, पडद्यावर निरोपांच्या सूचना येणार नाहीत अशी व्यवस्था करणे आणि अक्षरे मोठी करून घेणे, ही पथ्ये महागड्या माइकपेक्षा जास्त उपयोगी पडतात. कर्सर बोलण्याबरोबर उगाच भिरभिरू नये. काही जण आधी आवाज मुद्रित करून मग त्यावर पडदा चालवतात, काही उलट करतात. बोलता बोलता काम करण्याचा मोह मात्र टाळलेला बरा, कारण त्यात एक अडखळणे दोन्हीकडे उमटते.

मूळ पाठ बहुधा इंग्रजीत होतो आणि मग मराठीसह इतर भारतीय भाषांत त्याचे डबिंग होते. डबिंग फक्त आवाजाचे. पडदा इंग्रजीच राहतो. यामागे धोरण आहे : समजून घ्यायचे आपल्या भाषेत, पण नोकरीच्या ठिकाणी समोर येणारे मेनू इंग्रजीतच असणार, तेव्हा त्यांची सवय मोडू नये. म्हणून मराठी निवेदनात ‘सेव्ह’चे ‘जतन करा’ केले तर ऐकणारा पडद्यावर ‘जतन’ शोधत राहील. बटणावर जे लिहिले आहे तेच म्हणायचे आणि भोवतालचे वाक्य मराठी ठेवायचे, ही तडजोड भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांना रुचणार नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती बरोबर आहे.

डबिंगसाठी वेळबद्ध संहिता लागते : कोणते वाक्य कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला सुरू होते याची नोंद असलेली. चित्र आधीच ठरलेले असल्यामुळे भाषांतरकाराला अर्थाबरोबर सेकंदही मोजावे लागतात. ‘आपण जर असे केले तर आपल्याला असे दिसून येईल की’ या थाटाचे मराठी लिहिले की क्लिक होऊन जातो आणि वाक्य मागे रेंगाळते. दुसरीकडे, मराठीची एक सोय सहसा कोणी लक्षात घेत नाही. इंग्रजी वाक्यात क्लिकची आज्ञा आधी येते आणि जागा मागाहून. मराठीत ‘डावीकडच्या फाइल मेनूवर’ आधी येते, ‘क्लिक करा’ शेवटी. नजर जागेवर पोचते, मगच हात हलतो. वाक्य आखूड असेल तर पडद्यावर शिकवायला हा क्रम फार सोयीचा आहे.

पाठ किती लांब असावा यावर मतभेद आहेत. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरील चार अभ्यासक्रमांतील ८६२ व्हिडिओ आणि ते पाहण्याची सुमारे ६९ लाख सत्रे तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक साधारणपणे सहा मिनिटांपेक्षा अधिक टिकत नाही असे आढळले. त्याच अभ्यासात भराभर बोलणाऱ्या शिक्षकांचे व्हिडिओ अधिक वेळ पाहिले गेले होते. पवईच्या पाठांची संथ लय आणि दहा मिनिटांची लांबी या दोन्ही निष्कर्षांशी फटकून वागते. पण तिथे मोजलेले होते ते पाहणे. थांबवत, मागे नेत, शेजारी करून पाहत घेतलेल्या दहा मिनिटांच्या पाठाला प्रत्यक्षात अर्धा तासही लागतो, आणि त्या कामात भराभर बोलणारा निवेदक केवळ अडचण ठरतो.

पुढे हाच साचा संगणकाबाहेरही वापरला गेला. स्तनपान आणि पोषणावरचे पाठ अशाच पद्धतीने झाले. तिथे पडद्यावरच्या कर्सरची जागा हातांनी आणि चित्रांनी घेतली.

या पाठांचा मोठा शत्रू म्हणजे नवी आवृत्ती. पुस्तकातली ओळ पुढच्या छपाईत बदलते. व्हिडिओतला मेनू सरकला की पूर्ण पाठ शिळा होतो. म्हणूनच प्रत्येक पाठाच्या आरंभी कोणती कार्यप्रणाली आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली आहे ते सांगण्याचा प्रघात आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत, पायथन २ मध्ये, ‘प्रिंट’ या आज्ञेनंतर कंस न देता काम चाले. पायथन ३ मध्ये तीच ओळ चूक दाखवते. जुना पाठ पाहून शिकणाऱ्याला आपलेच काही चुकले असे वाटते, कारण पाठात तर ती ओळ चाललेली दिसते. पायथनची मालिका त्यामुळे नव्या आवृत्तीसाठी पुन्हा करावी लागली : पुन्हा संहिता, पुन्हा नवशिक्याची तपासणी आणि भाषेगणिक पुन्हा डबिंग.