नीटचा अभ्यास चालू आहे, पण फाईलचं काय?

नीटमध्ये, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत, गुण चांगले पडूनही राज्य कोट्यातली (राज्यातल्या मुलांसाठीची) जागा हातची जाते, आणि कारण अनेकदा एखादा कागदच असतो. निकालानंतर सेतू केंद्रासमोर ताटकळणारे पालक पाहिले की वाटतं, हे त्यांना अकरावीच्या प्रवेशावेळीच कुणी सांगायला हवं होतं.

पात्रता सोपी आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवं. कमाल वयाची अट २०२२ मध्ये गेली. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के, एससी, एसटी, ओबीसींना ४०. नीटचा अर्ज ऑनलाईन असतो. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच टाका. फॉर्म भरला पण फी राहिली, तर अर्ज झालेलाच नसतो. कन्फर्मेशन पेज डाऊनलोड होईपर्यंत निर्धास्त होऊ नका.

पहिला घोळ प्रवर्गाचा. नीटच्या अर्जातले प्रवर्ग केंद्राचे आहेत. तिथे एसईबीसी (राज्यातल्या मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) नाही, व्हीजे-एनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) नाही. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी, नसेल तर जनरल (ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाच्या, अटींत बसत असाल तर ते). यामुळे राज्यातलं आरक्षण बुडत नाही. ते नंतर राज्यातले प्रवेश पाहणाऱ्या सीईटी सेलच्या अर्जात वेगळं मागायचं असतं. त्यामुळे नॉन-क्रिमिलेयरचे (आपण प्रगत गटात मोडत नाही, हे सांगणारे) दाखलेही दोन काढावे लागतात, एक केंद्राच्या नमुन्यात, एक राज्याच्या. एकाच माणसाची तीच माहिती दोन नमुन्यांत कशाला, हे विचारायची सोय नाही.

दुसरा घोळ तारखेचा, आणि यात हुशार माणसंही फसतात. फॉर्म भरताना हातात असलेला नॉन-क्रिमिलेयरचा दाखला ३१ मार्चला जुना होऊ शकतो, आणि कौन्सेलिंग, म्हणजे जागावाटप, त्यानंतर असतं. केंद्राच्या कौन्सेलिंगला त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला दाखला लागतो, ईडब्ल्यूएसचंही तसंच. राज्याच्या नॉन-क्रिमिलेयरवर तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ते छापलेलं असतं, ते वाचा. एप्रिल उजाडताच अर्ज टाका. निकालानंतर तहसीलमध्ये गर्दी होते.

आता खरं दुखणं: जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला असला म्हणजे झालं, असं घराघरांत समजतात. राज्याच्या राखीव जागेसाठी व्हॅलिडिटीही लागते. कधी सरकार व्हॅलिडिटीच्या अर्जाच्या पावतीवर मुदत देतं, पण त्या भरवशावर डॉक्टरकी सोडू नका. विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावीपासूनच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो. अडतं ते जुन्या पुराव्यावर. एससींसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटींसाठी ६ सप्टेंबर १९५०, व्हीजे-एनटींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची, जात लिहिलेली नोंद मागतात. आजोबांनी शाळेचं तोंडच पाहिलं नसेल तर त्यांच्या शाळेचा उतारा आणायचा कुठून? अशा वेळी आजोबांचे भाऊ, बहिणी, चुलत नातं धुंडाळा. तहसीलच्या रेकॉर्डमध्ये गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, पाहा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती सगळ्यांत मोठा आधार. मात्र वंशावळीत ते नातं स्पष्ट दिसलं पाहिजे. भाऊबंदकीत अबोला असेल तर तो आत्ताच मोडा, समितीची त्रुटी निघाल्यावर नको. आईकडची कागदपत्रं सहसा चालत नाहीत.

राज्य कोट्यासाठी डोमिसाईल (महाराष्ट्रातल्या अधिवासाचा दाखला) हवंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली हवी. सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा या कोट्यात असतात. राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास लावून बारावी तिथल्याच शाळेतून देणारी मुलं या जागांना मुकतात, अगदी सात पिढ्या इथल्या असल्या तरी. बदलीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत. त्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको.

राहिलं किरकोळ: शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला. प्रवेश घेताना मूळ कागद महाविद्यालयात जमा होतात, त्यामुळे आधीच सगळ्याचं स्कॅन आणि साक्षांकित प्रतींचे दोन-तीन संच करून ठेवा. शिष्यवृत्तीच्या अर्जाला हेच कागद पुन्हा लागतात.