गचका जातो कुठे?

लंडन ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस, १२ ऑगस्ट २०१२. एसेक्समधल्या हॅडली फार्मच्या टेकडीवर पुरुषांची माउंटन बाइक क्रॉस-कंट्री शर्यत संपत आली होती. दीड तास दगडधोंड्यांतून सायकल दामटल्यावरही स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर आणि चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी एकमेकांना चिकटून होते. कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. शुर्टरची सायकल हार्डटेल होती, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढच्या चिमट्यात. कुल्हावीच्या सायकलला ते मागेही होतं. पुरुषांच्या ऑलिम्पिक शर्यतीत फुल सस्पेन्शनवर मिळालेलं ते पहिलं सुवर्णपदक.

एका सेकंदावरून सायकलींचा निवाडा होत नाही, पायांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा. पण त्याआधी बहुतेक अव्वल स्पर्धकही हार्डटेलच काढायचे. मागचा शॉक चढावर ताकद खातो, अशी समजूत होती आणि तेव्हाच्या सायकलींबाबत ती बरीचशी खरीही होती. आता मोठ्या शर्यतींत फुल सस्पेन्शन सर्रास दिसतं. मधल्या काळात काय बदललं हे कळलं, तर दुकानात कोणती सायकल निवडायची हेही बरंचसं उलगडतं.

आधी गचक्याचा ढोबळ हिशेब मांडू. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो, वेग ताशी १५ किलोमीटर. या वेगापायी त्यांच्यात सुमारे ७८० ज्यूल ऊर्जा असते. सीटवर बसलेलं असताना साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर येतो. ते चाक ५ सेंटिमीटरच्या दगडावर चढलं आणि मागे सस्पेन्शन नसलं, तर ५४ किलो वजन तेवढं उचलावं लागतं. त्याला २६ ज्यूल लागतात आणि ते तुमच्या वेगातूनच जातात. एका दगडाला तीन टक्के! उतरताना थोडे परत मिळतात, टायर दबतो, सीटवरून उठलं तर आणखी वाचतात. तरी पुढचा दगड वाट बघत असतोच. फुल सस्पेन्शनमध्ये वर उचललं जातं ते मुख्यतः चाक आणि त्याला धरणारा मागचा सांगाडा, म्हणजे जेमतेम तीन-चार किलो. स्वार जवळपास आहे त्याच पातळीवर राहतो. शिवाय चाक लगेच पुन्हा जमीन पकडतं. चढावर हे फार मोलाचं, कारण हवेत उडालेलं चाक कितीही फिरवलं तरी सायकल पुढे सरकत नाही.

शॉकच्या पोटात दोन वेगळी कामं चालतात. कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते. ती जितकी दाबावी तितकी जास्त प्रतिकार करते, त्यामुळे छोटा गचका सहज गिळला जातो आणि मोठ्या दणक्यालाही शॉक तळाला आपटत नाही. दुसरं काम तेलाचं. ते बारीक छिद्रांतून रेटलं जातं आणि गचक्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. लांब उतार संपल्यावर शॉकला हात लावून बघा, कोमट लागतो. गचका तिथे गेलेला असतो. आपल्याकडे पाच-दहा हजारांत ‘डबल शॉकअप’ म्हणून ज्या सायकली मिळतात, त्यांच्यात बहुधा नुसती लोखंडी स्प्रिंग असते, तेल नसतंच. अशी स्प्रिंग घेतलेला गचका तसाच परत करते आणि चाक उसळत राहतं. त्या पैशांत साधी चांगली हार्डटेल घ्या, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

आता चढाचं बघू. पेडल दाबलं की सायकल पुढे झेपावते आणि भार मागे सरकतो, बस सुटताना उभे प्रवासी मागे झुकतात तसा. शॉक दबतो. पाय खाली पोचला की जोर ओसरतो, शॉक वर येतो. मिनिटाला ८० फेरे धरले तर १६० हेलकावे. याला सायकलवाले बॉबिंग म्हणतात, आणि त्यावरचा उपाय चेनमध्येच दडलेला होता. ताणलेल्या चेनचा वरचा पदर मागचं चाक क्रँककडे, म्हणजे पेडल जोडलेल्या दांड्याकडे ओढतो. मागचा सांगाडा ज्या सांध्याभोवती फिरतो, तो नेमक्या जागी बसवला की शॉक दबताना चाकाला क्रँकपासून किंचित लांब जावं लागतं आणि चेन त्याला तसं जाऊ देत नाही. शॉक दबवायला निघालेला पायाचा जोर चेनमधून येऊन शॉकला तोलूनही धरतो. हा अँटी-स्क्वॉट. तोल पूर्ण जुळला की तो १०० टक्के म्हणतात. फारच वाढवला, तर दगडावर चाक वर जाताना पेडलला उलटा हिसका बसतो.

मला यातली पुढची गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. हा तोल पुढच्या चक्रीच्या आकारावरही अवलंबून असतो. पुढे तीन चक्र्या असायच्या तेव्हा चेनची रेषा प्रत्येक चक्रीगणिक बदलायची, त्यामुळे सांधा कुठेही बसवला तरी तो कुणाला तरी गैरसोयीचाच. २०१२ मध्ये सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने पुढे एकच चक्री आणि मागे ११ गिअर असा एक्सएक्स१ संच आणला. पुढे चक्री एकच उरली आणि तिच्या मापाने सांध्याची जागा बेतता आली. पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, गेला आणि मागचा शॉक शहाणा झाला.

उभं राहून पेडल मारताना मात्र सगळं शरीरच खालीवर होतं, त्याला चेन काही करू शकत नाही. त्यासाठी हँडलवर शॉक जखडून ठेवणारी लॉकआउटची कळ हवी. वजनाचं म्हणाल, तर फुल सस्पेन्शनचं दीड किलो जास्त धरलं, तर ते घेऊन ३०० मीटर चढायला ४४०० ज्यूल जादा लागतात, २०० वॅटच्या पायांना २२ सेकंद. मघाचे २६ ज्यूल निम्मेच वाचले असं धरलं, तरी साडेतीनशे दगडांत भरपाई होते. सह्याद्रीतल्या सुट्या बेसाल्टच्या वाटेवर तेवढे दगड सहज भेटतात. डांबरी घाटात एकही भेटत नाही, आणि तुमची बहुतेक सायकल तिथेच चालणार असेल तर हार्डटेल घ्या.

माझी पहिली फुल सस्पेन्शन घेतली तेव्हा दुकानात शॉकमध्ये भरपूर हवा भरून दिली होती, गल्लीत चालवताना डुलू नये म्हणून. दोन महिने मी दर दगडाला गचके खात होतो आणि सायकलच्या रचनेला दोष देत होतो. एका संध्याकाळी शॉकचा पंप मिळाला. शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. हेल्मेट, बॅग, भरलेली पाण्याची बाटली असा सगळा जामानिमा करून, भिंतीला टेकून हळूच सीटवर बसलो, कडी वर सरकवली, हळूच उतरलो. कडी ४ मिलिमीटरवर. शॉकची हालचाल ४५ मिलिमीटरची, आणि क्रॉस-कंट्रीला तिच्या २० ते २५ टक्के, म्हणजे ९ ते ११ मिलिमीटर दबणं हवं. हवा सोडत सोडत दहावर आणली. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर चेनची खडखड जवळजवळ थांबली होती. चाकाला खड्ड्यात खाली जायलाही जागा लागते, ती त्या दबण्यातून मिळते. याला सॅग म्हणतात.

म्हणून निवडताना रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत उसळण्याचा वेग, फिरवून कमीजास्त करता येणारा शॉक आणि चिमटा आधी बघा, कार्बनची फ्रेम नंतर. चाक १२० मिलिमीटर हलतं आणि शॉक ४५, म्हणजे शॉकवर चाकाच्या सुमारे पावणेतीनपट जोर येतो. वजन जास्त असेल तर शॉकवर छापलेला कमाल दाब तुम्हाला पुरतो का ते विचारा. चाकाची हालचाल १०० मिलिमीटर की १२०? शर्यत हेच ध्येय नसेल, तर मी १२० सांगेन. चाकं २९ इंची, फ्रेमचं माप तुमच्या उंचीला बसणारं, टायर ट्यूबलेस.

आपल्या पावसाळ्यात सर्वांत आधी सांध्यांची बेअरिंगं जातात. गाळ आत शिरतो, मग त्याचीच पेस्ट होऊन गोळ्या झिजवते. काही नव्या फ्रेममध्ये मागचा एक सांधाच काढून टाकलेला असतो, त्या जागी कार्बनच्या नळ्या किंचित लवतात. आपल्याकडे मला तीच रचना पसंत आहे. जुनी सायकल घेत असाल, तर एका हाताने सीट धरून मागचं चाक जेमतेम उचला आणि टेकवा, दुसऱ्या हाताचं बोट सांध्याच्या फटीवर ठेवा. बोटाला टक्क जाणवलं, तर बेअरिंग बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.