ठेव विमा

बँक बुडाली किंवा तिच्या व्यवहारांवर निर्बंध आले, तर ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे परत मिळण्याची कायदेशीर हमी म्हणजे ठेव विमा. भारतात 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे 5 लाख रुपये आहे. ही हमी ठेव विमा आणि पतहमी महामंडळ (डीआयसीजीसी) देते. महामंडळ रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे असून त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. विम्याचा हप्ता बँक भरते. तो ठेवीदाराच्या माथी मारता येत नाही.

ठेवीचा बराचसा पैसा कर्जाऊ दिलेला असतो, त्यामुळे सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात आले तर धडधाकट बँकही कोलमडते. आर्थिक संकटात मध्यवर्ती बँक व्याजदर उतरवते, अडलेल्या बँकेला तारणावर पैसे देते. पण रांगेतल्या माणसाला रेपो दराशी, म्हणजे मध्यवर्ती बँक इतर बँकांना ज्या व्याजदराने पैसे देते त्याच्याशी, काय देणेघेणे? त्याला आपली पुंजी हवी असते. सप्टेंबर 2007 मध्ये ब्रिटनची मध्यवर्ती बँक, बँक ऑफ इंग्लंड, तिथल्या नॉर्दर्न रॉक या बँकेला मदत करणार, ही बातमी फुटताच ठेवीदारांच्या रांगा लागल्या. तिथला विमा तेव्हा पहिल्या 2,000 पौंडांपुरताच पूर्ण होता, त्यापुढच्या 33,000 पौंडांचे 90 टक्केच मिळत. दहा टक्के जाणार असतील तर शहाणा माणूस रांगेत उभा राहणारच. अर्धवट विमा भीती घालवत नाही, हा त्या घटनेचा धडा.

भारतातल्या विम्यामागे 1960 सालचे दोन धक्के आहेत. त्या वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. 1961 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून 1,500 रुपयांपर्यंतच्या ठेवींना संरक्षण मिळाले. सहकारी बँका 1971 पासून, राज्यांनी आपले कायदे बदलले तसतशा, या छत्राखाली आल्या. 1993 मध्ये मर्यादा 1 लाख झाली आणि पुढची जवळजवळ 27 वर्षे तिथेच अडकून राहिली. महागाईने तिचे मोल किती उरले होते, हे ठेवीदारांना फार उशिरा कळले.

ते कळले सप्टेंबर 2019 मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर (पीएमसी) निर्बंध आले तेव्हा. बँकेच्या कर्जांपैकी 70 टक्क्यांहून अधिक एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेली होती. सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त 1,000 रुपये काढायला परवानगी होती. पुढे ही रक्कम टप्प्याटप्प्याने वाढली. पण खरी मेख कायद्यातच होती. विम्याचे पैसे बँक अवसायनात निघाली, म्हणजे कायमची गुंडाळली गेली, किंवा विलीन झाली तरच मिळत. पीएमसी बंदही नव्हती आणि चालूही नव्हती, म्हणून हमी असूनही हात रिकामे राहिले. जानेवारी 2022 मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवींची उरलेली रक्कम देण्याची मुदत 10 वर्षांपर्यंत ताणलेली आहे.

2021 च्या दुरुस्तीने ही मेख काढली. निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते: 45 दिवसांत बँकेने दाव्यांची यादी द्यायची, 30 दिवसांत महामंडळाने ती तपासायची आणि पुढच्या 15 दिवसांत पैसे द्यायचे. मर्यादा वाढण्यापेक्षाही हा बदल मोठा मानावा लागतो. औषधपाण्यासाठी ठेवलेला पैसा दोन वर्षांनी हाती आला, तर त्याचा उपयोग काय?

हिशेबात मुद्दल आणि व्याज एकत्र धरतात. 4,80,000 रुपयांच्या ठेवीवर 35,000 रुपये व्याज साठले असेल, तर 5,15,000 नव्हे, 5,00,000 रुपयेच मिळतात. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांतली एकाच नावाची खाती एकत्र मोजली जातात. वेगवेगळ्या बँकांतली मात्र स्वतंत्र. पती-पत्नीच्या संयुक्त खात्याचा हिशेब त्यांच्या वैयक्तिक खात्यांपासून वेगळा होतो. बँकेचे कर्ज थकलेले असेल, तर ते यातून वळते करून घेता येते.

महाराष्ट्रात सर्वांत मोठा गैरसमज पतसंस्थांबद्दल आहे. गल्लीतल्या पतसंस्थेत पासबुक मिळते, काउंटर असतो, दारी येऊन पिग्मी गोळा होते, व्याजही बहुधा जास्त असते. पण पतसंस्था ही बँक नव्हे, आणि तिथल्या ठेवीला या विम्याचे एका रुपयाचेही संरक्षण नाही. संरक्षण असलेल्या बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते.