विद्युतचुंबकीय वर्णपट

विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र परस्परांशी काटकोनात कंप पावत पुढे जातात, तेव्हा विद्युतचुंबकीय तरंग निर्माण होतो. अशा सर्व तरंगांची वारंवारतेनुसार, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येनुसार, केलेली मांडणी म्हणजे विद्युतचुंबकीय वर्णपट. निर्वातात या सगळ्यांचा वेग एकच असतो : सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. वारंवारता वाढली की तरंगलांबी घटते आणि प्रत्येक फोटॉनची (तरंगातील ऊर्जेच्या सर्वांत लहान पुडक्याची) ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. रेडिओ तरंग, उजेड आणि क्ष-किरण यांच्यात मुळात एवढाच फरक आहे; उपयोग आणि धोका हे दोन्ही प्रामुख्याने त्यावरून ठरतात.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या पटात लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापी ठेवली आणि पारा वर चढला. ते अवरक्त किरण. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांना जांभळ्याच्या पलीकडचे अतिनील किरण सापडले. या साऱ्यांचे कूळ एकच असल्याचे १८६०च्या दशकात जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या समीकरणांतून पुढे आले, तर हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७च्या सुमारास प्रयोगशाळेत रेडिओ तरंग निर्माण करून दाखवले. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस १८९५ सालीच काही मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर प्रयोग करत होते, हे आवर्जून सांगायला हवे.

रेडिओ तरंग सर्वांत लांब. आकाशवाणी पुणे केंद्राच्या मध्यम लहरींची वारंवारता ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३७९ मीटर. दिवसा आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या भागाचा) खालचा थर असे तरंग शोषून घेतो. रात्री तो जवळजवळ नाहीसा होतो, वरच्या थरावरून तरंग परततात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. एफएमच्या सुमारे ३ मीटर लांबीच्या तरंगांना आयनांबर परत पाठवत नाही, म्हणून डोंगराआड गेले की एफएम खरखरते. रुग्णालयातील १.५ टेस्लाचे एमआरआय यंत्रही सुमारे ६४ मेगाहर्ट्झचे रेडिओ तरंगच वापरते; त्यात क्ष-किरण नसतात. जुन्नर तालुक्यातील खोडदजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ तरंग टिपतात. परिसरात मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी होता, हे तिथली जागा निवडण्याचे एक कारण होते.

मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. ही पाण्याच्या रेणूची खास वारंवारता असल्याचे अनेकदा सांगितले जाते, पण ते खरे नाही. बदलत्या विद्युत क्षेत्राबरोबर पाण्याचे रेणू फिरू पाहतात, शेजारच्या रेणूंवर आदळतात आणि अन्न तापते. हे इतर वारंवारतांनाही घडते. वाय-फाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्याच्या आसपास असतात, फक्त त्यांची शक्ती अगदी थोडी असते.

मोबाइल टॉवरच्या तरंगांनी कर्करोग होतो, ही भीती इथे तपासून पाहावी. हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये २ गिगाहर्ट्झच्या फोटॉनच्या अडीच लाख पटींहून अधिक ऊर्जा असते, आणि तोही रेणूंचे आयनीभवन करू शकत नाही, म्हणजे त्यांतून इलेक्ट्रॉन उखडू शकत नाही. रेडिओ तरंगांचा सिद्ध झालेला मुख्य परिणाम उष्णतेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवले. सूर्यकिरण मात्र ‘निश्चित कर्करोगकारक’ गटात आहेत. टॉवरविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्यांनी भर दुपारच्या उन्हाचीही तेवढीच काळजी घ्यावी.

टीव्हीचा रिमोट अवरक्त किरणांनी चालतो. दृश्य प्रकाश म्हणजे सुमारे ३८० ते ७५० नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) चिंचोळी पट्टी. त्यापुढचे अतिनील किरण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करवतात आणि त्वचेची हानीही करतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील २५४ नॅनोमीटरचे किरण जंतूंच्या डीएनएवर घाव घालतात, त्यामुळे त्यांची वाढ थांबते. पाणी गढूळ असेल तर किरण आत पोचत नाहीत, म्हणून आधी गाळणी लागते.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेले क्ष-किरण आणि त्याहून ऊर्जावान गॅमा किरण अणूतून इलेक्ट्रॉन उखडू शकतात, म्हणून त्यांची मात्रा मोजूनमापून द्यावी लागते. कोबाल्ट-६०चे गॅमा किरण कर्करोगाच्या उपचारांत वापरले जातात. लासलगावच्या विकिरण केंद्रात याच किरणांची अल्प मात्रा देऊन कांद्याला कोंब फुटणे रोखता येते. २००७ मध्ये भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ पुन्हा खुली झाली, तीही अशाच प्रक्रियेच्या अटीवर, कारण तिने फळातील किडीचा बंदोबस्त होतो. या प्रक्रियेने आंबा किरणोत्सारी होत नाही : कोबाल्ट-६०च्या किरणांची ऊर्जा अणुकेंद्रकात तसा बदल घडवायला पुरेशी नसते.