सुतर्तिनेस

सुतर्तिनेस ही लिथुआनियाच्या ईशान्येकडील औक्श्ताइतिया प्रदेशातली बहुस्वरी लोकगीते. 'सुतार्ति' म्हणजे जुळवून घेणे, त्यावरून हे नाव पडले. गाणाऱ्या प्रामुख्याने स्त्रिया. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावांतून ही गाणी जवळजवळ लोपली. आज ती मुख्यतः शहरांत, विशेषतः राजधानी विल्निउसमध्ये, गायली जातात. लोकसंगीत संशोधक झेनोनास स्लाविऊनास यांचा तीन खंडांचा संग्रह (१९५८-५९) आणि जुनी ध्वनिमुद्रणे हा या पुनरुज्जीवनाचा मोठा आधार. विल्निउस विद्यापीठाच्या लोकसंगीत पथकाचे (१९६८) 'रातिलिओ' हे नावसुद्धा या गाण्यांच्या ध्रुवपदातलेच आहे. २०१० मध्ये युनेस्कोने सुतर्तिनेसचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

दोघींच्या, तिघींच्या आणि चौघींच्या गाण्यांची रीत वेगवेगळी असते. तिघींच्या प्रकारात पहिली गायिका कडव्याची ओळ गाते. ती ध्रुवपदावर आली की दुसरी तीच ओळ सुरू करते. दुसरी ध्रुवपदावर येताच तिसरी गायिका ती ओळ उचलते आणि पहिली थांबते. म्हणजे तोंडे तीन, पण एका वेळी आवाज दोनच. आणि शब्द व ध्रुवपद सतत एकमेकांवर पडत राहतात. 'चिऊतो', 'सदाउतो' अशा ध्रुवपदांच्या शब्दांना अर्थापेक्षा ठेका जास्त असतो.

खरे मर्म स्वरांतरात आहे. सा आणि शुद्ध रे एकदम, सारख्या जोराने लावले तर जे खरखरीत कंपन कानाला जाणवते, तेच इथे हवे असते. सा २२० हर्ट्झचा असेल, तर दोन स्वरांमधला फरक सेकंदाला सुमारे २५-२७ आंदोलनांचा पडतो. त्यासाठी गायिका जवळ जवळ, एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहतात.

वृंदगानात तयार झालेले गळे इथेच चुकतात. कंप दिला की खरखर पुसट होते. एक आवाज वरचढ झाला की दुसरा साथीचा वाटू लागतो. आणि सवयीने रे वर सरकून ग झाला की गाणे गोड होते, पण ते 'सुतर्तिने' (सुतर्तिनेसचे एकवचन) राहत नाही.

शहरी प्रयोगांत तालवाद्ये आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी आले. त्यात ढोलाचा ठेका सहज खपतो, कारण गाण्याची उलटसुलट लय त्याच्याशी खेळू शकते. सिंथेसायझरचे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह) मात्र घात करतात: कान एकच षड्ज धरतो आणि दुसरा स्वर बेसूर भासतो. एकट्या गायिकेने लूप यंत्रावर (मुद्रित तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारे यंत्र) आपल्याच आवाजाचे थर चढवले तर क्रम नेमका साधतो. पण मुद्रित आवाज समोरचीचे ऐकून स्वर हलवत नाही, त्यामुळे जुळवून घेण्याचे सगळे काम तिच्यावरच पडते. ध्वनिमुद्रणात प्रत्येकीला वेगळ्या खोलीत बसवण्यापेक्षा एका खोलीत, वर्तुळाच्या मध्यभागी मायक्रोफोन ठेवणे म्हणूनच बरे.