वजन उतरलं, कागद चढले : परदेशात जाऊन फ्रीस्टाइल स्कीइंग टिपण्यामागचा इतिहास

बेळगावात बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. पण लग्नाच्या शूटिंगवर हात बसलेल्या, जिम्बल, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणारी मूठ, आणि ड्रोन चालवणाऱ्या इथल्या मुलांना आज आल्प्समध्ये चार-पाच जणांचं पथक नेऊन फ्रीस्टाइल स्कीइंग, म्हणजे स्कीवरून उड्या-कोलांट्या मारायचा खेळ, चित्रित करणं अशक्य राहिलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी ते अशक्य होतं. मधे जे घडलं तो मुख्यतः वजनाचा इतिहास आहे. कॅमेरा हलका झाला, पथक लहान झालं, आणि मग अडचणी खांद्यावरून उतरून फाइलमध्ये जाऊन बसल्या.

सुरुवात जर्मनीतल्या फ्रायबुर्गची. भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या आर्नोल्ड फांक यांनी १९२० मध्ये स्कीइंगवर पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. सेप आल्गायर हे त्यांचे कॅमेरामन. कॅमेरा हाताने फिरवायचा आणि तिवईसकट पाठीवर वाहायचा. स्कीवरून मारलेली उडी संथ गतीत दाखवायची कल्पना तेव्हापासूनची आहे. स्लो मोशन मोबाइलवाल्यांनी शोधलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर १६ मिलिमीटरचे कॅमेरे हाताशी आले. अमेरिकेत वॉरन मिलर यांनी १९५० मध्ये पहिला स्की-चित्रपट केला आणि गावोगावी हॉल घेऊन, पडद्याशेजारी उभं राहून स्वतः बोलत तो दाखवला. एका माणसाने चित्रण, संकलन, निवेदन सगळं करण्याची पद्धत तिथून रुळली. पण मर्यादा बघा. १६ मिमीच्या १०० फुटी रिळात ४००० चौकटी, म्हणजे फ्रेम, मावतात. सेकंदाला २४ च्या वेगाने ते पावणेतीन मिनिटांत संपतं, संथ गतीसाठी ६४ च्या वेगाने घेतलं तर जेमतेम एका मिनिटात. किल्लीवर चालणाऱ्या बोलेक्स कॅमेऱ्याची स्प्रिंग पूर्ण भरली तरी २४ च्या वेगाने साधारण २८ सेकंद चालते, ६४ ला दहाच. स्कीअर वरून सुटताच बटण दाबलं तर ऐन उडीला स्प्रिंग संपणार. म्हणून खूण ठरवून उशिरा सुरू करायची शिस्त आली. आज कार्डात तासन्‌तास मावतं म्हणून ती शिस्त गेली, आणि संपादनाला बसणारा त्याची किंमत मोजतो.

हलत्या स्कीअरबरोबर हलता कॅमेरा न्यायचा प्रश्न १९६९ च्या जेम्स बाँडपटात दोन तऱ्हांनी सुटला. स्वित्झर्लंडच्या शिल्टहॉर्न शिखरावर विली बोग्नर हातात कॅमेरा धरून उलटं स्कीइंग करत होते; हवाई दृश्यांसाठी जॉनी जॉर्डन हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या पट्ट्यात बसून चित्रण करत होते. आज पहिल्या तऱ्हेला फॉलो-कॅम म्हणतात, दुसरीची जागा ड्रोनने घेतली. हिंदी सिनेमाही साठच्या दशकापासून आल्प्समध्ये जातोय. यश चोप्रांचा पुतळा २०१६ मध्ये इंटरलाकेनमध्ये उभा राहिला. पण ती मोठ्या युनिटची, गाण्यांची परंपरा. लहान पथकाचं मूळ तिच्यात शोधू नये.

खुद्द फ्रीस्टाइल हा खेळ कॅमेऱ्याच्या जोडीनेच वाढला. नॉर्वेचे स्टाइन एरिकसन पन्नाशीच्या दशकात स्कीवर कोलांट्या मारून दाखवत. त्याचं पुढे अमेरिकेत ‘हॉट-डॉगिंग’ झालं आणि १९७१ मध्ये न्यू हँपशरच्या वॉटरव्हिल व्हॅलीत त्याची स्पर्धा भरली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९७९ मध्ये मान्यता दिली. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १९८८ ला कॅल्गरीत प्रात्यक्षिक, १९९२ ला मोगल्सना (उंचवट्यांचा उतार) पदकं, १९९४ ला एरियल्सना (हवेतल्या कोलांट्या), २०१४ ला सोचीत हाफपाइप (अर्ध्या नळीसारखा उतार) आणि स्लोपस्टाइल (उड्या-अडथळ्यांचा उतार), २०२२ ला बीजिंगमध्ये बिग एअर (एकच मोठी उडी).

चित्रणाच्या दृष्टीने या यादीपेक्षा १९९८ जास्त महत्त्वाचं. त्या वर्षी सालोमोनची टेनएटी ही दोन्ही टोकं वर वळलेली स्की बाजारात आली. स्कीअर उलटा उतरू लागला, उलटाच पुढच्या उडीकडे जाऊ लागला. आधी उताराच्या तळाशी लांब लेन्स लावून भागत होतं. आता उडीआधीची पावलं, हवेतली पकड आणि उतरल्यानंतरचा तोल एका शॉटमध्ये हवा झाला, म्हणजे कॅमेरामनलाही मागोमाग उतरणं आलं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : फॉलो-कॅम चालवणारा आधी पक्का स्कीअर असतो, मग कॅमेरामन. आपल्याकडून जाणाऱ्या पथकाने हा माणूस तिथलाच घ्यावा. पंधरा दिवस शिकून ते काम येत नाही.

स्की-रिसॉर्टच्या बाहेर उडीचा कठडा, म्हणजे किकर, पथकालाच बांधावा लागतो, आणि निम्मा वेळ त्यातच जातो. चार-पाच फावडी, बर्फाचे ठोकळे कापायला करवत, थर रचून प्रत्येक थर पायाने दाबायचा, रात्रभर गोठू द्यायचा. उतरायची जागा तीव्र उताराचीच हवी, तीस अंश किंवा जास्त. सपाटीवर उतरलं की गुडघे जातात. फसतं ते वेगात. रात्री वारा सुटून नवा भुसभुशीत बर्फ साचला किंवा दुपारी ऊन लागून बर्फ ओला झाला, की सकाळी बरोबर बसलेला वेग कमी पडतो. मग स्कीअर उतारापर्यंत न पोचता आधीच्या कंगोऱ्यावर आदळतो. म्हणून दर वेळी आधी उडी न मारता वेग तपासायची फेरी. ढगाळ दिवशी सगळं एकसारखं पांढरं दिसतं, जमीन कुठे आहे ते कळत नाही. तेव्हा उतरायच्या जागी निळा रंग फवारतात किंवा पाइनच्या बारीक फांद्या टाकतात. चौकटीत ती घाण दिसते म्हणून काढायला सांगणारा दिग्दर्शक नको.

उघड्या उन्हात उलट त्रास. कॅमेऱ्याचं मीटर बर्फाला राखाडी करू बघतं, त्यामुळे एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवावं लागतं आणि झेब्रावर, म्हणजे जास्त उजळ भागावर दिसणाऱ्या पट्ट्यांवर, नजर ठेवावी लागते. एनडी फिल्टरशिवाय, म्हणजे प्रकाश कमी करणाऱ्या काचेशिवाय, शटर आटोक्यात राहत नाही. दोन सेकंदांची उडी १२० च्या वेगाने घेतली तर २४ च्या पडद्यावर दहा सेकंद चालते. याहून जास्त ताणली तर उडीतला जोर जातो, असं आमचं मत.

साहित्याचा काही भाग इथेच होतो. फॉलो-कॅमचा लांब दांडा, अ‍ॅल्युमिनियमची बेस प्लेट ही उद्यमबागेतल्या कुठल्याही चांगल्या वर्कशॉपची कामं आहेत. फक्त आटे सांगताना चूक नको : कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंच, इंचाला वीस आटे असतात. एम-६ चा बोल्ट जवळपास बसतो, एक-दोन फेरे जातोही, पण त्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर आणि याची १.२७, म्हणून तो पुढे अडकतो. जोर लावला की कॅमेऱ्याचेच आटे मरतात. तिवईच्या फ्लुइड हेडमधलं ग्रीस उणे वीसला घट्ट होतं आणि पॅन करताना, म्हणजे आडवा फिरवताना, कॅमेरा झटके देतो. साध्या पीव्हीसी केबली ताठ होऊन तडकतात. गरम खोलीत कॅमेरा तसाच आणला तर आतपर्यंत दव धरतं. बाहेरच हवाबंद पिशवीत घालायचा, आत आणल्यावर दोन तास उघडायचा नाही. कार्ड आधीच काढून घ्यायचं, नाहीतर ते दोन तास कुणालाच धीर निघत नाही.

खरी क्रांती २००८ ते २०१६ या आठ वर्षांत झाली. २००८ मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यात सिनेमाची चौकट मावली. मग हेल्मेटवरचा गोप्रो, २०१३ मध्ये डीजेआयचा फँटम ड्रोन, पुढे हातातलं जिम्बल आणि २०१६ चा घडी घालता येणारा मॅविक ड्रोन. एके काळी हेलिकॉप्टरने जायचं सामान दोन पाठपिशव्यांत बसलं. बेळगावातली लग्नाची पथकं याच वर्षांत खांद्यावरचे व्हिडिओ कॅमेरे सोडून याच साधनांवर आली, त्यामुळे फ्रान्सच्या चामोनीतल्या आणि टिळकवाडीतल्या कॅमेरामनच्या हातात जवळपास सारखीच हत्यारं आहेत.

आता कागद. उपकरणं तात्पुरती नेऊन परत आणण्यासाठी एटीए कार्ने हा दस्त १९६१ च्या ब्रुसेल्स करारातून आला. भारतात तो फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते. वर्षभर चालतो, हमी रक्कम ठेवावी लागते. यादीत प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर, वजन, किंमत आणि कुठल्या देशात बनली ते येतं. एकदा दस्त निघाला की यादीत वस्तू वाढवता येत नाही, आणि वापरून संपणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत. पिवळी पानं आपल्या देशातून नेण्या-आणण्याची, पांढरी परक्या देशात शिरण्याची-निघण्याची, निळी फक्त पार होण्याची. एखाद्या नाक्यावर शिक्का राहिला, तर माल तिथेच विकला असं धरून महिन्यांनी शुल्काची मागणी येते.

चूक होते ती शेंगेनमुळे, म्हणजे युरोपातल्या देशांनी आपसातली सीमा-तपासणी उठवली त्या करारामुळे. १९८५ चा करार आणि १९९५ ची अंमलबजावणी माणसांच्या तपासणीबद्दल आहे, मालाच्या नाही. स्वित्झर्लंड २००८ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात नाही. चामोनीहून स्वित्झर्लंडमधल्या व्हर्बिएला जाताना पासपोर्ट कुणी विचारणार नाही, कार्नेवर मात्र दोन शिक्के लागतात, आणि कस्टम्सची कचेरी बंद असेल तर थांबावं लागतं. महाराष्ट्रातल्या शिनोळीहून बेळगावला माणूस चालत येतो पण टेम्पोचं परमिट बघतात, तसलाच प्रकार. २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधलं फ्रीस्टाइल जिथे झालं ते लिव्हिन्यो इटलीत असूनही करमुक्त क्षेत्र आहे. तिथून निघताना गाडी तपासतात.

बेळगावकरांच्या वाटेला आणखी दोन फेरे येतात. व्हिसाचं केंद्र बऱ्याच देशांच्या बाबतीत राहत्या राज्यावर ठरतं : महाराष्ट्रातल्या चंदगडचा साथीदार मुंबईकडे, कर्नाटकातल्या खानापूरचा बेंगळुरूकडे. एकत्र अर्ज करायचा तर आधी विचारून घ्यावं. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. जानेवारी-मार्चच्या हंगामासाठी दिवाळीआधीच करावा. व्हिसाला तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण साध्या पॉलिसीत आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. ते कलम वाचूनच पैसे भरावेत. दुसरा फेरा सांब्र्याच्या, म्हणजे बेळगावच्या, विमानतळाचा. तिथून आंतरराष्ट्रीय उड्डाण नाही. कार्नेवर शिक्का बाहेर पडायच्या विमानतळावरच बसणार, म्हणून पेट्या थेट झुरिकपर्यंत चेक-इन करू नयेत. शिवाय देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं तर मोफत सामान पंधरा किलोच्या आसपास. पेट्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने किंवा गाडीने बेंगळुरूला नेणं स्वस्त पडतं.

बॅटऱ्यांचा नियम सरळ आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच, टोकांना चिकटपट्टी लावून. शंभर वॅट-तासांपर्यंत चालतात, शंभर ते एकशेसाठ एअरलाइनच्या मंजुरीने जास्तीत जास्त दोन, त्यापुढे नाही. म्हणून तर कॅमेऱ्याच्या मागे बसणाऱ्या व्ही-माउंट बॅटऱ्या १४.८ व्होल्ट गुणिले ६.६ अँपियर-तास, म्हणजे ९८ च्या आसपास बनवतात. लेबल पुसलेलं असेल तर सुरक्षा तपासणीत हिशेब ऐकून घेत नाहीत. थंडीत त्या निम्म्यावर येतात, तेव्हा नेहमीच्या दुप्पट न्याव्या आणि आतल्या खिशात ठेवाव्या.

ड्रोनबाबत भारताचा इतिहास उलटसुलट आहे. २०१४ च्या ऑक्टोबरात नागरी वापरावर बंदी आली, २०२१ मध्ये नवे नियम आले, आणि फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनची आयात बंद. नेलेला ड्रोन परत आणताना तो इथूनच गेला हे सिद्ध करता आलं नाही तर तो अडकतो. तिकडे २०२१ पासून युरोपीय संघात ऑपरेटरची नोंदणी, १२० मीटरची उंची, नजरेच्या टप्प्यात उडवणं हे नियम लागू आहेत. आमचा सल्ला : ड्रोन नेऊच नये, तिथला ऑपरेटर ड्रोनसकट भाड्याने घ्यावा.

हिमस्खलनाची यंत्रणा मात्र कुणी वगळू नये. युरोपात १९९३ पासून एक ते पाच अशी धोक्याची एकच मोजपट्टी आहे. बळी सर्वांत जास्त तीनवर जातात, कारण तीनला लोक निघतात आणि पाचला घरी बसतात. प्रत्येकाकडे ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि फावडं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचण्याची शक्यता खूप, पुढे ती झपाट्याने घसरते. कॅमेरा पथकाला यात वेगळा धोका आहे : वायरलेस माइक, फोन, गोप्रो ट्रान्सीव्हरच्या संदेशात अडथळा आणतात. पाठवण्याच्या स्थितीत ही उपकरणं ट्रान्सीव्हरपासून किमान वीस सेंटिमीटर, शोधताना पन्नास सेंटिमीटर दूर हवीत. माइकचा ट्रान्समीटर छातीच्या पट्ट्यावर लावायची लग्नातली सवय इथे जिवावर बेतू शकते. तो मागे कमरेला जातो.

सरावासाठी गुलमर्ग आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिथे १९२७ मध्ये स्की क्लब काढला, १९४८ मध्ये लष्कराची स्की शाळा निघाली आणि तिचंच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा २००५ पासून अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळपास ३९८० मीटरवर पोचवतो. बॅटऱ्या, ग्रीस, हातमोज्यातून फोकस फिरवणं, किकर बांधणं हे सगळं तिथे आधी करून बघता येतं. लष्करी ठाणी जवळ असल्याने ड्रोनची परवानगी गृहीत धरू नये, आणि कर्नाटकातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नसल्याने पथकातल्या निदान दोघांकडे पोस्टपेड असावं.