पलीकडच्या कॉफीत सोडलेल्या माश्या

आंबा बाहेरून अगदी ठाकठीक दिसतो, पण कापला की आत पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसतात. हा उद्योग फळमाशीचा. मध्य अमेरिकेत तिची बहीण, मेडिटेरेनियन फळमाशी, १९५५ साली कोस्टा रिकात सापडली. १९७५ मध्ये ती ग्वाटेमालात होती आणि १९७७ मध्ये मेक्सिकोच्या चियापासमध्ये. पुढचा मुक्काम अमेरिकेतल्या फळबागा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मेक्सिको, ग्वाटेमाला आणि अमेरिका या तिघांनी मिळून 'मोस्कामेड' मोहीम उघडली. मेक्सिकोत मेतापा इथे १९७९ साली माश्यांचा कारखानाच सुरू झाला. तिथे नसबंदी केलेल्या माश्या तयार करून विमानातून सोडायच्या. मादीने अशा नराशी संग केला तर तिची अंडी फुटतच नाहीत. १९८२ पर्यंत चियापास माशीमुक्त झालं.

पण शेजारच्या घरात ढेकूण असताना आपली गादी किती दिवस स्वच्छ राहणार? म्हणून राखण पलीकडे, ग्वाटेमालातच करावी लागते. तिथे ही माशी कॉफीच्या फळांत वाढते. गंमत अशी की अळी खाते गर, बी शाबूत राहतं, त्यामुळे कॉफीवाल्याचं फारसं बिघडत नाही. त्याच्या मळ्यावर माश्या सोडायच्या त्या दुसऱ्यांचे आंबे-संत्री वाचवायला! मला या मोहिमेतली खरी करामत हीच वाटते. अर्थात ग्वाटेमालाच्याही पदरात काही पडलंच: माशीमुक्त पेतेन भागातली पपई अमेरिकेला जाऊ लागली.

सोडायचे ते फक्त नर; म्हणून नर-माद्या वेगळ्या कशा करतात तेही पाहण्यासारखं आहे. कारखान्यात या माशीचा एक खास वाण वाढवतात; त्याची अंडी सुमारे ३४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दिवसभर ठेवली की मादीचे गर्भ मरतात, नर तगतात. नसबंदीसाठी नरांच्या कोषांवर गॅमा किरणांचा मारा होतो आणि चमकणारी रंगपूड चोळली जाते. कोष फोडताना माशी कपाळातून एक इवली पिशवी फुगवून बाहेर काढते. ती आत जाताना थोडी पूड सोबत नेते आणि डोक्यात कायमची ठेवते.

बागांतल्या सापळ्यांत अडकलेली प्रत्येक माशी अतिनील दिव्याखाली पाहतात. शंका आली तर डोकं चिरडून बघतात. चमकली तर ती कारखान्यातली. नाही चमकली, तर त्या बागेभोवती लगेच आणखी सापळे लागतात.